कुजबुजीचं वर्ष

४ फेब्रुवारी

धाकट्याने आज दुपारी हार्ड डिस्क आणून माझ्या टेबलावर ठेवली आणि म्हणाला, "ताई, याच्यात मी आहे. जपून काप." चाळिशी उलटली तरी माझा भाऊ असली वाक्यं बोलतो. मी म्हटलं, "आधी चहा घे, मग कापते." तो हसला नाही.

त्याचा सिनेमा मूक आहे. जुन्या काळचा नव्हे, आत्ताचा, रंगीत, चांगल्या कॅमेऱ्यावर काढलेला, पण मूक. संवाद नाहीत, संगीत नाही, दार आपटल्याचासुद्धा आवाज नाही. मधूनमधून काळ्या पडद्यावर एखादी ओळ उमटते, तिला आम्ही पाटी म्हणतो. मी इतकी वर्षं मालिकांचं संकलन करते आहे. आमच्याकडे कुणी कपबशी खाली ठेवली तरी आभाळ फाटल्याचा आवाज लावतात आणि खोलीतल्या प्रत्येकाचा चेहरा तीन-तीनदा दाखवतात. मूक सिनेमासाठी तुला माझ्याशिवाय कुणी मिळालं नाही का, असं मी त्याला विचारलंही.

"मिळालं असतं. पण तू त्या घरात होतीस."

मग त्याने पहिली पाटी दाखवली. 'मी पाच वर्षांचा होतो, त्या वर्षी आईने माझ्याशी बोलणं टाकलं.'

मी ती पुन्हा पुन्हा वाचली. आमची आई? चुकून लागलेल्या फोनवरसुद्धा जी समोरच्याच्या बायकोमुलांची चौकशी करून ठेवते, ती? मी म्हटलं, "ही गोष्टीतली आई आहे ना?" तो म्हणाला, "नाही. आपली."

संध्याकाळी घरी आले तर आई दारातच. ती माझ्याकडेच असते, बाबा गेल्यापासून. "आला होता का तो? काय म्हणाला? बारीक झालाय का? माझ्याबद्दल काही विचारलं?" मी विचारलं म्हणून सांगितलं. त्याने विचारलं नव्हतं.

डोक्यात गोंधळ झाला की मी वही काढते. लग्नानंतरची पहिली दोन वर्षं भरभरून लिहिलं, मग नवऱ्याची सवय झाली. आज पुन्हा काढली आहे.

६ फेब्रुवारी

सगळं चित्रण एकदा बघून काढलं. नायक म्हणजे पाच वर्षांचा एक मुलगा, मोठ्या डोळ्यांचा. त्याच्या घरात सगळे कुजबुजतात. तो खोलीत आला की गप्प होतात. आई शिवणाच्या मशीनपुढे बसलेली असते, कायम पाठमोरी. तिची पाठ धाकट्याने इतकी लावून धरली आहे, की एका शॉटमध्ये मला तिच्या स्वेटरचे टाके मोजता आले असते.

दोन प्रसंग मला सोसवले नाहीत. एकात मुलगा जमिनीवर ठोकळे रचत बसला आहे. त्याच्या मागे बाप येतो आणि हातातलं पातेलं जोरात खाली टाकतो. मुलगा रचतच राहतो. बाप पुन्हा उचलतो, पुन्हा टाकतो. शेवटी मुलगा सहज मागे बघतो, तर बाप त्याच्याकडे टक लावून बघतोय आणि आई तोंडावर हात धरून उभी आहे. दुसऱ्यात मुलाला एका पांढऱ्या इमारतीत नेतात. पांढऱ्या कपड्यांतली माणसं त्याला आईच्या हातातून घेतात. आई निघून जाते. तिथे पाटी आहे: 'त्यांनी मला देऊन टाकायचं ठरवलं होतं.'

मी धाकट्याला विचारलं, "बाबा भांडी आपटायचे?"

"तुझ्यावर नाही आपटली म्हणून तुला आठवत नाही."

"आणि ही इमारत?"

"अनाथाश्रम असेल. मी कॉलेजात असताना बाबांना एकदा सरळ विचारलं होतं. ते म्हणाले, जुनं उगाळू नकोस. नसेल तर माणूस नाही म्हणतो ना, ताई? उगाळू नकोस कशाला म्हणेल?"



७ फेब्रुवारी

सिनेमा बघून बघून माझ्या आठवणी त्याच्यासारख्या व्हायच्या आत त्या लिहून ठेवते. मी तेव्हा आठ वर्षांची.

तळमजल्यावरच्या दोन खोल्या. बाबा बस डेपोत वेळापत्रकं करायचे. आई एका दुकानाचे पडदे शिवून द्यायची. मशीन भिंतीकडे तोंड करून ठेवलेलं, कारण खिडकी तिकडे होती. ती शिवताना अखंड बोलायची. मशीनच्या वरताण. त्यामुळे तिने बोलणं टाकलं हे माझ्या गळी उतरत नाही.

धाकटा त्या वर्षी भारी हट्टी झाला होता. हाक मारली तर ओ द्यायचा नाही. गल्लीतली पोरं त्याला ठोंब्या म्हणायची. सारखं नाक गळायचं, कान वाहायचा, उशीच्या अभ्र्यावर पिवळे डाग. आई कानात कापूस घालायची, तो काढून फेकायचा. सगळ्याच पोरांचं होतं तसं.

आणि आमचा एक खेळ होता. आईने मला टेबलावरची छोटी घंटा दिली होती. तो पाठमोरा खेळत असला की मी हळूच मागे जाऊन ती वाजवायची. तो वळला तर मला लिमलेटची गोळी. आई दारात उभी राहून बघायची. गोळ्या मला फारशा मिळाल्या नाहीत, कारण तो मुद्दाम वळायचा नाही. मला त्याचा फार राग यायचा. सिनेमात तीही मुलगी आहे, हातात घंटा घेऊन मागे उभी राहून हसणारी. ती मी. बघणाऱ्याला ती चक्क भूत वाटेल.

तो काही दिवस घरी नव्हता हे मलाही आठवतं. तेव्हा मला मावशीकडे पाठवलं होतं. तो आत्याकडे गेलाय, असं सांगितलं होतं मला.

११ फेब्रुवारी

आईचं काम करणारी नटी आज काही शॉट बघायला आली. गोड बाई आहे. मी विचारलं, "तुम्ही पाठमोऱ्या बसून मान हलवताय, काहीतरी बोलताय. काय बोलत होतात?"

"पाढे!" ती म्हणाली. "तुमचे भाऊ म्हणाले, ती काय बोलते ते मला माहीत नाही, तुम्ही काहीही बोला. मी सतरापर्यंत गेले. एकोणिसाचा अजूनही येत नाही."

"पण आई बोलतच नाही असं आहे ना? मग मान का हलवताय?"

"तेच मी त्यांना विचारलं. ते म्हणाले, आठवणीत पाठ हलते, म्हणून हलवा."

ती गेल्यावर मी तो शॉट परत लावला. पाठ हलते आहे खरी. मला वाटलं मशीनमुळे असेल.

१६ फेब्रुवारी

आज आईला विचारलं. आडून आडून. ती वाटाण्याच्या शेंगा सोलत होती. "आई, धाकटा पाच वर्षांचा होता, त्या वर्षी घरात काही झालं होतं का गं?"

तिचा हात थांबला. "काय व्हायचंय?"

"तो घरी नव्हता काही दिवस."

"आत्याकडे गेला होता." ती उठली आणि नळ सोडून स्वच्छ भांडी परत घासायला लागली. दाणे सगळे सांडले. थोड्या वेळाने नळाच्या आवाजातच म्हणाली, "तो विचारत होता का?" मी नाही म्हटलं. "मग तू कशाला विचारतेस? झालं गेलं. आता चांगलं चाललंय ना त्याचं?"

माझी आई एका प्रश्नाला दोन वाक्यांत उत्तर देऊन गप्प झाली. माझ्या आयुष्यात हे पहिल्यांदा घडलं.

म्हणजे तो खरं सांगतोय.

२० फेब्रुवारी

काम पुढे सरकतं आहे. पाठ, कुजबुज, पातेलं, घंटा, इमारत. मी कापते आहे आणि जोडते आहे. धाकटा मागच्या सोफ्यावर पडून असतो. मध्येच म्हणतो, "अजून थोडं थांब तिच्या पाठीवर." मी थांबते.

२४ फेब्रुवारी

आज एक भलतंच झालं. बसमध्ये बसल्या बसल्या मला आई आठवली, मशीनवर, पिवळ्या स्वेटरमध्ये, गप्प. एकदम स्पष्ट. डोळ्यांत पाणी आलं. दोन थांबे गेल्यावर ध्यानात आलं की पिवळा स्वेटर नटीचा आहे. कपड्यांचं बघणाऱ्या मुलीने तो बाजारातून आणला होता, पावती मी पाहिली आहे.

घरी येऊन जुने फोटो काढले. आईच्या अंगावर चौकड्यांचा कोट. फोटोत तोंड उघडं, कारण फोटो काढणाऱ्याला ती काहीतरी सांगत असणार. बघितलं आणि मिटून ठेवलं. डोळे मिटले की पुन्हा पिवळा स्वेटर. माझी आई कुठली आणि भाड्याची कुठली, मला सांगता येईना. नवऱ्याला म्हटलं, तर तो म्हणाला, "डोळे तपासून घे." हा माणूस कशालाही डोळे तपासून घे म्हणतो.

२ मार्च

खरं लिहायचं तर मला आईचा राग यायला लागला आहे. पाच वर्षांचं पोर. कितीही हट्टी असलं म्हणून काय झालं? आणि माझ्या हातात घंटा देऊन मलाही त्यात ओढलं. सकाळी ती विचारत होती, आज डब्यात काय देऊ, परवा कोण आलं होतं, वरच्या मजल्यावरची भाडेकरू कशी बघून न बघितल्यासारखं करते. मी हं, हं करत चप्पल घातली.

"तू हल्ली बोलत नाहीस माझ्याशी," ती मागून म्हणाली.

मी काही न बोलता निघाले. बसमध्ये बसून रडू आलं, पण कोणासाठी ते कळलं नाही.

८ मार्च

आईला सिनेमा बघायचा आहे. तिने धाकट्याला परस्पर फोन केला. तो तिचा फोन सहसा घेत नाही, वर्षातून दोनदा येतो आणि बूट न काढता दाराजवळच्या खुर्चीवर बसतो. पण आज चुकून उचलला. ती म्हणाली, "मी ऐकलं तू आपल्या घरावर सिनेमा काढलास. मला दाखव. मी काही कायमची नाही."

तो माझ्याकडे आला तेव्हा पांढराफटक पडला होता. "बघू दे तिला. बघायलाच पाहिजे. त्याच्यासाठीच तर काढलाय."

"एकदम पडद्यावर तोंडात मारायची म्हणजे काय रे? तिचं वय बघ."

"आणि माझं वय बघितलं होतं कोणी?"

आम्ही भांडलो. लहानपणी भांडायचो तसं नाही, वाईट भांडलो. शेवटी ठरलं, शनिवारी सकाळी माझ्या एडिटच्या खोलीत दाखवायचा. मला रात्रंदिवस एकच दिसतं आहे, आई ती पहिली पाटी वाचते आहे. रागावले आहे तिच्यावर, तरीही दिसतं. एकदा ती पाटी तिने वाचली, की मग आम्हा तिघांचं पुढे काही उरणार नाही.

१३ मार्च

उद्या शनिवार. आज मी एक उद्योग केला आहे आणि धाकट्याला सांगितलेला नाही. सिनेमाची वेगळी प्रत काढली, सगळ्या पाट्या काढून टाकलेली. एकही ओळ ठेवली नाही. चित्रं तीच, क्रम तोच. आईला नुसतं दिसेल, आरोप वाचावा लागणार नाही. कळलं तर कळलं, नाही तर म्हणेल घर छान दाखवलंय. धाकटा चिडला तर चिडू दे, यंत्राने घोळ केला म्हणून सांगेन. संकलक मंडळींचं हे हुकमी उत्तर असतं आणि दिग्दर्शकांना त्यावर काही बोलता येत नाही.

१४ मार्च

जसं झालं तसं लिहायचा प्रयत्न करते.

आई ठेवणीतली साडी नेसून आली. मधल्या खुर्चीवर बसवलं तिला. धाकटा भिंतीला टेकून उभा, पडद्याकडे नाही, तिच्याकडे बघत. मी प्रत लावली. पहिली पाटी आली नाही. त्याने माझ्याकडे बघितलं, मी कीबोर्डकडे. तो काही बोलणार, तेवढ्यात आईच बोलायला लागली, आणि मग ती थांबलीच नाही.

"अगंबाई, मशीन खिडकीकडे! बरोब्बर. आणि बघ, बोलतेय ना मी? मान बघ कशी हलतेय. मी आपली बोलत राहायचे. डॉक्टर म्हणायचे समोर बसून बोला, त्याला तोंड दिसू दे. पण पडदे कोण शिवणार? अपराधी वाटायचं रे. पाठ करून बसायचे आणि मोठ्याने बोलायचे, वाटायचं थोडं तरी जाईल कानात."

धाकटा भिंतीपासून सुटला.

पातेल्याचा प्रसंग आला. आई पुढे वाकली. "पातेलं नव्हतं. ताट होतं. डॉक्टरांनी ताटच सांगितलं होतं, पातेल्याचा आवाज बसका येतो. तुझे बाबा रोज संध्याकाळी डेपोतून आले की मागे उभं राहून टाकायचे. एकदा टाकायचे, थांबायचे, परत टाकायचे. आणि तू आपला ठोकळ्यांत." तिने पदर डोळ्यांना लावला. "मग हे बाहेर जाऊन रडायचे. पडद्यावरच्या या माणसाचा चेहरा थोडा रागीट झालाय, यांचा तसा नव्हता. पण बाकी तंतोतंत. तुला आठवतंय हे सगळं? मी तर तुला कधी सांगितलं नव्हतं."

"काय सांगितलं नव्हतं?" धाकट्याचा आवाज फाटला.

आईने पहिल्यांदा त्याच्याकडे बघितलं. मग माझ्याकडे. "अरे, आवाज काढून टाकलास ना तू सगळा? तुला ऐकू येत नव्हतं तसा? मला वाटलं तुला माहीत आहे. म्हणूनच तर..."

पडद्यावर पांढरी इमारत आली होती. मी थांबवायचं विसरले. पांढऱ्या कपड्यांतली माणसं मुलाला आत घेऊन गेली आणि आई जिन्यावरून खाली निघाली.

"ऑपरेशन," आई हळू म्हणाली. "दोन्ही कानांचं. मला आत येऊ देईनात."

धाकटा खाली बसला. खुर्ची नव्हती तिथे, जमिनीवरच बसला.

मग बाकीचं निघालं. शाळेत नाव घालायचं होतं, कान अधू आहेत हे कळलं असतं तर घेतलं नसतं, वेगळ्या शाळेत पाठवलं असतं. बाबांनी शपथ घातली, कुणाला सांगायचं नाही, आजीला नाही, ताईला नाही. पोरगं बरं झालं तर ठप्पा लागायला नको. बरं झालं. मग त्याला तरी कशाला सांगायचं? "आपल्यात काहीतरी कमी होतं असं तुला कधी वाटू नये, एवढंच होतं रे," आई म्हणाली.

मी घंटेचा खेळ विचारला नाही. विचारायची गरज नव्हती. गोळ्या कमी मिळायच्या म्हणून मी त्याच्यावर चिडायचे, आणि दारात उभी राहून आई माझ्याहून कितीतरी जास्त आशेने त्याच्या मानेकडे बघत असायची.

धाकटा उठला आणि निघून गेला. आई म्हणाली, "त्याला आवडलं नाही का मी ताटाचं बोलले ते?"

१५ मार्च

फोन उचलत नाही.

१९ मार्च

आज उचलला. मी म्हटलं, "आता तरी बरं वाटत असेल तुला."

"बरं?" तो ओरडलाच. "इतकी वर्षं मी कोणावर चिडून होतो, ताई? मी लग्न केलं नाही, मूल नको म्हणालो, घरी येत नाही, त्या सगळ्याचं मी काय करू आता? आणि ती म्हणते, तुझ्यासाठीच गप्प बसलो. म्हणजे शेवटी गप्प बसलेच ना!"

त्याचंही बरोबर आहे. फोन ठेवल्यावर आईचं तोंड बघितलं तर तिचंही बरोबर आहे. मालिकेत अशा वेळी मी कोणाच्या चेहऱ्यावर कट मारायचा ते डोळे मिटून सांगितलं असतं. इथे मला काही कळत नाही.

२० मार्च

आईला म्हटलं, "तू मला तरी सांगायचं होतंस." ती म्हणाली, "तू आठ वर्षांची होतीस. आठ वर्षांच्या पोरीच्या पोटात काही राहतं का?" मग जरा वेळाने, "नंतर राहूनच गेलं." मला राग आला आणि तिची कीवही आली. मग मी तिच्याजवळ बसून वाटाणे सोलले. ती वरच्या भाडेकरणीबद्दल बोलत होती. मी सगळं ऐकलं.

३ एप्रिल

सिनेमाला पैसे लावणाऱ्या बाईंचा फोन. दाखवायची तारीख ठरली आहे, दिग्दर्शकाचा पत्ता नाही. मी म्हटलं, तब्येत बरी नाही. "कसली?" मी काय सांगणार? कानाची, असं तोंडावर आलं होतं, गिळलं.

९ एप्रिल

आला. दाढी वाढलेली. सोफ्यावर पडला नाही, माझ्या शेजारी खुर्ची ओढून बसला. "लाव. पाट्यांशिवायचा."

सुरुवातीपासून शेवटपर्यंत बघितला. पाठमोऱ्या आईच्या शॉटवर तो पुढे सरकला. "ती बोलतेय," म्हणाला. मी म्हटलं, "पाढे म्हणतेय रे ती बाई." "असू दे. बोलतेय."

संपल्यावर म्हणाला, "एक फ्रेम बदलू नकोस. मी खोटं काही काढलेलं नाही, ताई. खोट्या फक्त पाट्या होत्या."

"सगळ्या काढू?"

"सगळ्या."

पैसे लावणाऱ्या बाईंनी आकांत केला. लोकांना कळणार कसं? अर्धे उठून जातील. गोष्ट काय आहे ते तरी एका ओळीत लिहा. धाकटा म्हणाला, लिहिता येत नाहीये. खरंच येत नाहीये त्याला. आम्ही दुपारभर बसून प्रयत्न केला. 'आई बोलत होती' असं लिहिलं तर आधीची सगळी वर्षं खोटी ठरतात, आणि काही लिहिलं नाही तर आई खलनायिका ठरते. पाटीवर दोन्ही एकदम बसवायला आम्हाला जमेना.

संध्याकाळी तो माझ्याबरोबर घरी आला. बूट काढले. आईने काहीच विचारलं नाही, नुसती बोलत राहिली, नळ, भाडेकरू, भाजीवाला, गुडघा. तो भिंतीला टेकून ऐकत होता. माफी वगैरे कोणी मागितली नाही. जाताना म्हणाला, "सिनेमा दाखवतील तेव्हा ये." आई म्हणाली, "मला पुढची खुर्ची चालत नाही, मान दुखते."

१७ मे

झाला एकदाचा.

छोटं सभागृह, बरंच भरलेलं. आईला मध्यावर बसवलं, मी शेजारी. दिवे गेले आणि त्या शांततेत लोकांच्या खोकल्याचे, खुर्च्यांचे आवाज यायला लागले. थोडे उठून गेले. बाकीचे बसले. ताट पडलं (पातेलंच आहे, पण आता मी त्याला ताट म्हणते) तेव्हा पुढच्या रांगेतली एक बाई पुटपुटली, "काय माणसं असतात!" आई मला म्हणाली, "हिला काय झालं?" मी तिचा हात दाबला.

मला भीती हीच होती. हे सगळे लोक आमच्या आईला दुष्ट समजून घरी जाणार. आणि धाकटा पुढे उभा राहून त्याचं ते जुनं बोलणं बोलणार. प्रश्नोत्तरांसाठी त्याने वर्षभर घोकलं होतं, शांतता हीसुद्धा एक शिक्षा असते वगैरे. आता त्या जागी काय बोलणार, हे त्याने मला सांगितलं नव्हतं. बहुतेक त्यालाही माहीत नव्हतं.

दिवे लागले. टाळ्या बेताच्या. एक चष्मेवाला उठला आणि म्हणाला, "आजच्या काळात मूक सिनेमा का? आईचा दुरावा दाखवायला हा मार्ग का निवडलात?"

धाकट्याने माइक या हातातून त्या हातात घेतला. आमच्याकडे बघितलं, मग चष्मेवाल्याकडे.

"निवडला नाही," तो म्हणाला. "त्या वर्षी मला ऐकू येत नव्हतं. माझे आईवडील रोज माझ्या मागे ताट टाकून बघायचे. दुरावा नव्हता तो. मला परवापर्यंत माहीत नव्हतं."

पुढच्या रांगेतली ती बाई मान वळवून इकडे तिकडे बघायला लागली.

आईने माझं मनगट घट्ट धरलं. "सांगितलं त्याने," ती म्हणाली. "एवढ्या लोकांत सांगितलं." मी तिला काही म्हणायच्या आत ती पुढच्या खुर्चीचा आधार घेऊन उभी राहिली. मी पदर ओढला तर माझा हात झटकला.

"आता येतं हो त्याला ऐकू!" ती सगळ्या सभागृहाला उद्देशून मोठ्याने म्हणाली. "ऑपरेशन केलंय! दोन्ही कान चांगले आहेत! काही कमी नाहीये त्याच्यात!"

लोक वळून बघत होते. कोणी हसलं, आणि लगेच गप्प झालं. धाकट्याने माइक खाली केला. त्याचे ओठ हलले, पण आवाज पोचला नाही. मग त्याने माइक पुन्हा तोंडाशी नेला.

"येतं, आई."

"मग ते सांग की त्यांना नीट," आई म्हणाली आणि खाली बसली.